टू-वे एलएसडीचा आग्रह कुणासाठी?

"ट्रॅकवर पळायचं असेल तर टू-वे प्लेटवालीच एलएसडी घाला. हेलिकल लेचीपेची, चाक उचललं की संपली. प्लेटवाली एकदा बसवा नि विसरा." एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअल: इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा आणि एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारा भाग. प्लेटवाली त्यासाठी आतल्या प्लेटा एकमेकींवर दाबते, हेलिकल तेच गिअरनी साधते. त्याबद्दलचा हा सल्ला गोव्यातल्या गाडीवेड्या पोरांच्या फोनवर फिरतोय. साखळीहून चोर्ला घाट चढून तीच हॅचबॅक कोइम्बतूरच्या करी स्पीडवे या रेसट्रॅकवर नेणाऱ्याने तो ऐकू नये.

टू-वे म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी लॉक, सोडला तरी लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली. मागची चाकं ओढणाऱ्या ड्रिफ्टच्या गाडीला ते हवंच असतं. आपल्या हॅचबॅक पुढच्या चाकांनी ओढतात. वळणात शिरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि पुढची दोन्ही चाकं एका वेगाने फिरायला बांधली गेली, की नाक वळत नाही, गाडी सरळ रेटत राहते. ट्रॅकवर यात फक्त वेळ जातो. जुलैत, धुक्यात, चोर्ल्याच्या ओल्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला सरकते आणि तिथे दरी आहे. म्हणूनच हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांचा मला राग येतो. प्लेटवालीच हवी असेल तर फक्त दाबल्यावर लॉक होणारी वन-वे घ्या, फार तर सोडल्यावर थोडीच लॉक होणारी दीड-वे.

हेलिकलमध्ये प्लेटा नसतातच, गिअरच काम करतात. कमी पकडीचं चाक जेवढा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलतं त्याच्या काही पट ती दुसऱ्या चाकाला देते. गुणोत्तर 2.5 असेल तर 100 न्यूटन-मीटरला 250. चाक हवेत गेलं की शून्याची पट शून्यच, एवढं त्या सल्ल्यात खरं आहे. पण पुढच्या चाकांनी ओढणारी, मागचं सस्पेन्शन कडक केलेली हॅचबॅक वळणात उचलते ते बहुधा मागचं आतलं चाक. त्याला इंजिनाशी देणंघेणं नाही.

आणि 'विसरा'? या गाड्यांत डिफरेन्शिअल गिअरबॉक्सच्या पोटात, त्याच ऑइलमध्ये बुडालेलं असतं. प्लेटा झिजतात, त्यांची पूड गिअरवरून फिरते, ऑइल लवकर बदलावं लागतं, आणि लॉक ढिला पडला की गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

रोजच्या रस्त्याला आणि वर्षाकाठी दोन-चार ट्रॅक-दिवसांना मी हेलिकलच घालीन. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा क्लच आणि ड्राइव्हशाफ्टची ऑइल सीलं त्याच खेपेला बदलून घ्या.