साठीनंतर वाकू नका? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: साठीनंतर मणक्यांची झीज भरून येत नाही, म्हणून वाकणं आणि जमिनीवर बसणं बंद करा. कमरेला कायम पट्टा बांधा, दुखलं तर पंधरा दिवस पडून राहा. पिलाटीस हा नट्यांचा आणि लाखांच्या मशीनचा खेळ आहे, म्हाताऱ्या पाठीला तो धोक्याचा. ताठ बसा, तेवढं पुरे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दादरला साठीच्या आसपासच्या लोकांना चटईवरचं पिलाटीस, म्हणजे श्वासासोबत खोल स्नायू बळकट करणारे व्यायाम, शिकवते. हे वाचून माझ्या वर्गातल्या दोघीजणी यायच्या थांबल्या, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

आधी झीज. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये हा शब्द दिसला की माणूस निम्मा खचतो. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा 2015 साली आला. मणक्यांमधल्या गादीची झीज विशीतल्या 37 टक्के, साठीतल्या 88 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत दिसली. दुखणं नसताना! म्हणजे रिपोर्टमधली झीज आणि तुमचं दुखणं यांचं नातं वाटतं तेवढं सरळ नाही. शिवाय गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आजूबाजूच्या हाडांतून झिरपून येईल त्यावर ती जगते. रात्री आडवं झाल्यावर ती पाणी शोषून फुगते, दिवसभराच्या भाराने दबते. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते: अंथरुणातून उठल्या उठल्या खोल वाकू नका, तासभर जाऊ द्या. त्यानंतर मात्र हालचाल हवीच.

वाकणं बंद करा म्हणणाऱ्याने मुंबईतलं घर पाहिलंय का? ओट्याखालचा डबा, पलंगाखालची बॅग, बाथरूममधली बादली. वाकणं टळत नाही. सवय मोडलेली पाठ एक दिवस अचानक वाकते आणि उसण भरते. कंबर गोल न करता खुब्यातून वाकायचं, गुडघे मोकळे सोडायचे, वस्तू अंगाजवळ घ्यायची. हे शिकवता येतं आणि साठीतही अंगवळणी पडतं.

गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू माझ्याकडे आल्या तेव्हा दीड वर्ष पट्टा बांधत होत्या. आंघोळीपुरता काढायचा, तोही भिंतीला धरून. मी त्यांना चटईवर उताणं झोपवलं, गुडघे उभे, तळवे टेकलेले. कमरेखालच्या पोकळीत हात सरकवला आणि म्हटलं, श्वास सोडताना माझा हात हलकेच दाबा. काकूंनी पोट आत खेचलं, श्वास रोखला, ओठ घट्ट मिटले, मानेच्या शिरा वर आल्या. सगळं अंग कामाला लागलं, फक्त ओटीपोट नाही. मग सांगितलं, काकू, समई विझवायची नाही, फुंकरीने ज्योत नुसती हलवायची. सातव्या-आठव्या श्वासाला हाताखाली तो बारीक दाब आला आणि मान सैल होती. पिलाटीसचा पाया म्हणाल तर हाच: श्वासासोबत ओटीपोटाचे, त्याच्या तळाचे आणि मणक्यांलगतचे खोल स्नायू जागे करायचे. पट्टा बाहेरून जे करू पाहतो ते काम यांचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाची शिफारस आहे आणि नेहमीच्या उपचारात पट्टे वापरू नयेत असं म्हटलं आहे. फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेला पट्टा वेगळा, तो आपल्या मनाने काढू नका. पंधरा दिवस पडून राहण्याचा सल्ला तर 1986 सालीच मोडीत निघाला: तेव्हाच्या एका अभ्यासात दोन दिवस विश्रांती सांगितलेल्यांचे कामाचे खाडे सात दिवसवाल्यांपेक्षा 45 टक्के कमी झाले.

आता धोक्याचं. इथे फॉरवर्डमध्ये थोडं तथ्य आहे आणि ते झाकून मला पुढे जायचं नाही. पाळी कायमची गेल्यानंतर अनेकींची हाडं ठिसूळ होतात. 1984 साली अशा 59 बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत 16 टक्के जणींच्या मणक्यांना नवी इजा दिसली, तर पुढे वाकून पोटाचे व्यायाम करणाऱ्यांत 89 टक्के जणींना. आणि काहीच व्यायाम न करणाऱ्यांत? 67 टक्के! अभ्यास लहान आहे, पण इशारा स्पष्ट आहे. मूळ पिलाटीसमध्ये पुढे गोळा होण्याचे प्रकार पुष्कळ आहेत: रोल-अप (उताणं झोपून पाठ गोल करत उठून बसणं), चेंडूसारखं लोळणं, डोकं उचलून हात शंभर वेळा हलवायचा हंड्रेड. हाडं ठिसूळ असतील तर हे करायचे नाहीत, व्हिडिओतली बाई कितीही गोड बोलून सांगत असली तरी. त्यांच्यासाठी पालथं झोपून छाती किंचित उचलणं, ब्रिज (उताणं झोपून कंबर उचलणं), कुशीवर झोपून पाय उचलणं, हात-गुडघे टेकून ओणवं होऊन एक हात पुढे आणि उलट बाजूचा पाय मागे लांबवणं. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘पिलाटीस धोक्याचं’ हे सरसकट विधान चूक आहे. ‘प्रत्येकीला प्रत्येक व्यायाम चालत नाही’ हे खरं आहे.

नट्या आणि मशीन. जोसेफ पिलाटीस हा 1883 साली जर्मनीत जन्मलेला, लहानपणी दम्याने बेजार झालेला माणूस. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला छावणीत डांबलं, तिथे तो बरोबरच्या कैद्यांना व्यायाम शिकवायचा. 1945 सालच्या त्याच्या पुस्तकात 34 व्यायाम आहेत आणि ते सगळे जमिनीवरचे. स्प्रिंगवालं मशीन चांगलंच असतं, पण त्यावाचून अडत नाही. आमच्या वर्गात सतरंज्यासुद्धा आहेत.

आणि पिलाटीसच करा असाही माझा हट्ट नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015च्या आढाव्यात कंबरदुखीवर ते काहीच न करण्यापेक्षा बरं ठरलं, इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. तुमची आसनं नियमित चालू असतील तर ती सोडू नका.

राहिलं ताठ बसणं. छाती पुढे काढून कुणी दहा मिनिटांवर बसू शकत नाही, आणि पोक दटावून जात नाही. पाठीचा वरचा भाग आखडलेला असतो, तो मोकळा करावा लागतो आणि मागचे स्नायू बळकट करावे लागतात. एकाच आसनात, मग ते कितीही सरळ असो, अर्ध्या तासापेक्षा जास्त राहू नका. मालिकेच्या जाहिरातीत उठा, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवा.

पडल्यानंतर पाठ दुखायला लागली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, ताप आहे किंवा कारण नसताना वजन उतरतंय, तर चटई बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

काकू अजून येतात. यंदा उकडीचे मोदक त्यांनी पाटावर बसून वळले आणि उठताना हात फक्त स्वतःच्या गुडघ्यावर टेकवला.