शिटी न देणारा कुकर कसा घ्यावा

भांडी ऑनलाइन घेताय? उत्तम. तुळशीबागेतला भांडेवाला फार गैरसोयीचा माणूस. झाकण नीट बसलं नाही तर कुकर त्याच्याच काउंटरवर नेऊन आपटता येतो आणि तो मुकाट्याने बदलून देतो. ऑनलाइन बाजारात असली कटकट नाही.

विक्रेत्याचं नाव वाचत बसू नका. ते वाचता यावं म्हणून ठेवलेलंच नसतं.

कुकरखालच्या रिव्ह्यूत "मोबाइलला एकदम फिट बसलं" असं दिसलं तरी मनाला लावून घेऊ नका.

पाडव्याला वापरायला काढू म्हणून खोका दहा दिवस माळ्यावर ठेवा. परतीची मुदत बऱ्याचदा सातच दिवसांची असते.

आता आयएसआय मार्क. माझ्या कुकरवर होता की! पहिल्यांदा घासला तेव्हा घासणीला चिकटून आला. स्टिकर होता. त्यावरचा सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर घालून पाहिला, तर असा परवानाच नाही. हे शहाणपण सुचलं ते वरण छताला लागल्यावर. आईने तूरडाळ लावली होती. दहा मिनिटं झाली तरी शिटी नाही. "अरे, हा नुसता फुसफुसतोय," असं ती म्हणतेय तोवर सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. आई त्या क्षणी फ्रिजपाशी होती, म्हणून हा लेख उपरोधिक आहे.

तक्रार जरूर करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्यात निवारण करावं लागतं. पोच वेळेत आली, महिना काल संपला. मधल्या काळात मी छताचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "वस्तू फोटोत स्पष्ट दिसत नाही." नंतर कळलं की तो विक्रेता आता "आमच्याकडे नाही" आणि वेबसाइट म्हणते, "आम्ही तर फक्त मध्यस्थ." दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून मध्यस्थाला सूट देणारं आयटी कायद्याचं कलम 79 आहेच कवचाला. तोच कुकर, तोच फोटो, आता दुसऱ्या नावाखाली चाळीस रुपये स्वस्त मिळतोय.

दंडाचीही आशा ठेवा. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे 2,265 कुकर विकू दिल्याबद्दल अ‍ॅमेझॉनला दंड केला (माझा बाजार तो नव्हे). पैसे परत द्यायलाही सांगितलं. दंड 1 लाख. त्या विक्रीतून मिळालेलं शुल्क 6 लाखांच्या वर. गणित तुम्हीच करा.

मध्यस्थ कसले रे? जाहिरात तुमची, "खात्रीशीर" हा शिक्का तुमचा, खोक्यावर नाव तुमचं, पैसे तुमच्या खात्यात, कमिशन तुम्ही कापलंत. फक्त वरण तेवढं आमच्या छताला? त्या माणसाचा जीएसटी नंबर आणि बँक खातं तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आधी माझे पैसे द्या, मग त्याच्याकडून वसूल करत बसा. जमत नसेल तर भांडी विकू नका. आणि तो दुसऱ्या नावाचा कुकर आत्ताच्या आत्ता काढा. "फक्त 3 शिल्लक" दाखवतोय.