“काही आलंच नाही” म्हणून हसणाऱ्यांनो

आज सकाळी घरच्या ग्रुपवर विनोद फिरत होता. वादळ येणार, वादळ येणार म्हणून दोन दिवस सगळ्यांना घाबरवलं आणि आलं काय, तर चार थेंब. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे, मोजून एकोणीस. एका हुशाराने लिहिलं, "हवामान खातं म्हणजे लांडगा आला रे आला." मी फोन पालथा ठेवला, अंघोळ करून आले, तरी डोकं शांत होईना. म्हणून इथे लिहितेय. ग्रुपवर लिहिलं तर मामाला वाईट वाटेल, आणि मामाचं सांगितल्याशिवाय मला हे सांगता यायचं नाही. तो इथे फारसा फिरकत नाही, तेवढं बरं आहे.

मी तेव्हा नऊ वर्षांची. वादळाचा आवाज म्हणजे घोंघावणं वगैरे पुस्तकात लिहितात, मला तो तसा आठवत नाही. दाराबाहेर कोणीतरी मोठा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा केलाय आणि रात्रभर बंदच करत नाहीये, असा होता. पत्र्याचा एक कोपरा सुटला होता. तो उचलायचा, वरचं काळं आभाळ दिसायचं, मग धाडकन बसायचा. मी मोजत होते. मोजता मोजता झोप लागली बहुतेक.

पहाटे सगळं थांबलं. कोणी बटण दाबून बंद करावं तसं. आम्ही दार उघडलं तर वर निवळलेलं आभाळ, आणि अंगणात जमिनीवर पक्षी बसलेले, जवळ गेलं तरी उडत नव्हते. मामाने आमची शिडी लावली आणि तो कोपरा बांधायला वर चढला. आजी दारातून ओरडली, "उतर खाली! अजून निम्मं बाकी आहे." मामा वरूनच हसला. "संपलं गं आई."

वारा परत आला तो उलट्या बाजूने. रात्रभर ज्या दिशेला झाडं वाकली होती, त्याच्या बरोबर विरुद्ध. शिडी गेली, शिडीबरोबर मामा. झाडं पडून रस्ता बंद झालेला, त्यामुळे पाय बसवायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली, आणि तो वाकडाच बसला. आजही जिना उतरताना मामा आधी उजवा पाय टाकतो, मग डावा ओढून घेतो.

आजी शाळेत गेलेली नव्हती. उपग्रह, डॉप्लर रडार, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. पण चक्रीवादळाला मधे डोळा असतो, तो डोक्यावरून जाताना वारा पडतो आणि पलीकडची बाजू आली की उलटा फिरून येतो, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं. आज ज्यांच्या खिशात ताशी नकाशे आहेत, ते खिडकीला चिकटपट्टीची फुली मारतात आणि तयारी झाली म्हणतात. चिकटपट्टीने काच फुटायची राहत नाही हो. आणि "दाब सारखा होतो म्हणून एक खिडकी उघडी ठेवा" हा निरोप मला पुन्हा कोणी पाठवला तर मी त्याला ब्लॉक करणार आहे. आत शिरलेला वाराच छप्पर खालून उचलतो.

हो, अंदाज चुकतात. कबूल. एक दिवस आधी सांगितलेली वाट पन्नास-शंभर किलोमीटरांनी इकडे तिकडे होऊ शकते, आणि तेवढ्यात तुमचं गाव वाचतं. वाचतं म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी सापडतं, पण ते ग्रुपवर नसतात ना.

1999 साली ओडिशात महाचक्रीवादळ आलं, जवळजवळ दहा हजार माणसं गेली. बहुतेक पाण्याने. वाऱ्याची सगळ्यांना भीती वाटते, पण मारतं ते त्याने किनाऱ्यावर ढकललेलं पाणी, आणि त्यात भरतीची वेळ गाठली तर विचारूच नका. 2013 मध्ये त्याच राज्यात फायलिन आलं. आधीच दहा लाखांच्या आसपास लोक हलवले, आणि मेलेल्यांचा आकडा दोन अंकांत राहिला. मला खात्री आहे, त्या दहा लाखांतही परतताना कोणीतरी म्हणालंच असेल की उगाच नेलं. म्हणू दे. तसं म्हणायला जिवंत आहेत. "काही झालं नाही" हेच तर पीक आहे, त्याच्यासाठीच एवढी नांगरणी. आणि तुम्ही त्यालाच हसता!

लिहिता लिहिता आवाज चढला माझा. थांबते जरा.

लोक घर का सोडत नाहीत, हे मला कळतं. दावणीला गाय असते. खाटेवर सासरे असतात, त्यांना उचलायला चार जण लागतात. घराला कुलूप लावून गेलं तर मागे काय होईल ही धास्ती असते. या भीतीला मी हसणार नाही. बांगलादेशात वादळासाठी मातीचे उंच चौथरे बांधलेत, गुरं तिथे न्यायची. जनावराची सोय झाली की माणूस हलतो, हे कोणाला तरी सुचलं. तिथेच 1991 च्या वादळात सव्वा लाखाहून जास्त माणसं गेली, त्यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. नवरा घरी नाही, विचारायचं कोणाला, म्हणून किती जणी थांबल्या असतील. आता तिथे सत्तर हजारांवर स्वयंसेवक आहेत, कर्णा घेऊन दारोदार जाणारे, त्यात निम्म्या बायका. बाईने येऊन "चल गं, पोरं घे" म्हटलं की पाय निघतो.

आणि आता खरं सांगते. त्या रात्री आम्ही पत्र्याखाली का होतो? आजीने संध्याकाळीच सगळ्यांना बाहेर काढलं होतं. ठरलेल्या पक्क्या इमारतीपाशी गेलो तर दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते बाहेरगावी. तासभर पावसात उभे राहिलो आणि परत आलो. मामाचा पाय शिडीवरून मोडला असं सगळे सांगतात. मी म्हणते, तो त्या कुलपापाशी मोडला. कागदावर निवारा होता, यादी होती, सही-शिक्का होता. किल्ली नव्हती!

म्हणून मला तुमचे टॉर्च, बॅटऱ्या आणि कोरडा शिधा यांचं फार कौतुक नाही. ठेवा, ठेवायलाच हवं. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घाला, प्यायचं पाणी भरा, वादळानंतर पडलेल्या तारेला पाय लावू नका, जनरेटर घरात लावू नका, त्याचा धूर झोपेत मारतो. पण तुमच्या गल्लीत चालता न येणारं कोण आहे ते सांगा बघू. त्यांना कोण उचलणार? निवाऱ्याची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? ती या कुलपाला लागते का, हे शेवटचं कधी पाहिलं? पावसाळ्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून तिथपर्यंत चालत जा, सासऱ्यांची खाट घेऊन. लोक हसतील. मामाही हसला होता.

सारखी सूचना ऐकून कान किटतात, तेही बरोबर आहे. पण मग सूचना नीट द्या म्हणून भांडा, ऐकणाऱ्याला हसू नका.

*ता. क.* मामाचा आत्ताच फोन येऊन गेला. कोणीतरी पोस्ट पाठवली त्याला. मी घाबरतच उचलला. म्हणाला, "शिडी आपली नव्हती, शेजाऱ्यांची होती. तेवढं दुरुस्त कर." आणि वर म्हणाला, "मी बांधलेला तो पत्रा पुढे सात वर्षं हलला नाही, ते लिहिलंस का?"

लिहिलं, मामा.