नवीन विंडोज टाकलीय? मग आता महिनाभर काम-बिम करू नका

अभिनंदन. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून का होईना, शेवटी तुम्ही ११ वर आलात. जुनं मशीन धडधाकट होतं, पण त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नव्हती, म्हणून ते माळ्यावर गेलं आणि नवीन आलं. हरकत नाही. आता या नव्या मशीनवर टॅली, जीएसटी, पोरांचे फॉर्म असली फालतू कामं लगेच सुरू करू नका हं. आधी सेटिंग्ज. माणूस कॉम्प्युटर घेतो कशासाठी? सेटिंग करायलाच की.

पहिलं काम टास्कबारचं. विंडोज ११ मध्ये स्टार्टचं बटण मध्यभागी येऊन बसलंय, त्याला डावीकडं हाकला. टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, मग बिहेवियर्स, तिथं अलाइनमेंट लेफ्ट. झालं, आता तुम्ही आयुष्यावर ताबा मिळवलात. पूर्वी हीच पट्टी धरून वर, डावीकडं, उजवीकडं कुठंही चिकटवता यायची, ११ आलं तेव्हा ती सोय काढून टाकली. म्हणजे आतली बटणं हवी तशी सरकवा, पण पट्टीची हद्द वरच्यांनी आखली तीच. बाहेरची माणसं यावर फार बोंबलली. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला यात नवीन काय वाटणार? आपण १९५६ पासून, राज्यांच्या सीमा आखल्या तेव्हापासून, हेच बघूलालोय.

दुसरं, गॉड मोड. डेस्कटॉपवर नवीन फोल्डर करायचं आणि त्याला कंसातला एक भलामोठा कोड लावून नाव द्यायचं (नेटवर मिळतो, टाइप करायच्या भानगडीत पडू नका, कॉपी करा), की आत २०० च्या वर सेटिंग्ज एका यादीत येतात. नाव देवाचं, पण आत तेच जुनं कंट्रोल पॅनल. फक्त सगळं एकाखाली एक मांडलेलं. तरी करा. रविवारी पाहुणे आले की दाखवायला बरं पडतं.

आता खरी गंमत, म्हणजे भाषा. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन. तिथं मराठीही जोडा, कन्नडही जोडा, आपल्याकडं एकावर भागत नाही, तहसीलदार ऑफिसचा अर्ज कन्नडमध्ये आणि मावशीला मेसेज मराठीत. कीबोर्ड बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबा. घाईत चुकीचा कीबोर्ड राहिला तर अर्जात काय उमटेल ते टेबलापलीकडच्या साहेबाच्या चेहऱ्यावर वाचा. ही भाषांची यादी मात्र फार धोक्याची चीज आहे, कारण प्रत्येक भाषेपुढं तीन टिंबं असतात, त्यात मूव्ह अप आणि मूव्ह डाउन असतं. म्हणजे कुठली भाषा वर आणि कुठली खाली हे घरात बसून, चहा पीत, एका क्लिकवर! दुकानाच्या पाटीवर हेच करायला गेलात तर आधी कायदा, कन्नड साठ टक्के आणि तीही वरच्या भागात, मग पालिकेची माणसं, मग दोन्हीकडचे कार्यकर्ते, आणि शेवटी पाटी रंगवणारा, त्याचं बिल तेवढं नक्की. म्हणून माझा सल्ला, हे मूव्ह अप करताना खोलीचं दार लावून घ्या.

आकडेही बदलता येतात हे कुणी सांगत नाही. जुन्या रीजनच्या खिडकीत अॅडिशनल सेटिंग्ज, तिथं स्टँडर्ड डिजिट्स, आणि यादीत देवनागरीही आहेत, कन्नडही. आपल्या पोरांना बसच्या पाटीवरचे कन्नड आकडे झोपेत वाचता येतात, तेव्हा तुम्ही देवनागरी लावलेत तरी पुढच्या बसला कुणी चुकणार नाही. फक्त ऑफिसच्या मशीनवर हे करू नका, अकाउंटवाली बाई तुम्हाला शोधत येईल.

आणि आता ती एक सेटिंग जी मी खरं तर सांगायलाच नको. टाइम झोन. उघडून बघा, आपल्यासाठी पर्याय एकच, पाच तास तीस मिनिटांचा, आणि त्यावर लिहिलंय काय, तर चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. मुंबई आहे. बेंगळूरू नाही! सीमाप्रश्नावर महाजन आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला, महाराष्ट्रानं तो फेटाळला, २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा गेला, आणि इकडं टिळकवाडीपासून चिकोडीपर्यंतचा प्रत्येक कॉम्प्युटर मुकाट्यानं मुंबईच्या घड्याळावर चाललाय, बेळगावात कर्नाटकानं बांधलेल्या विधानभवनातला, सुवर्णसौधातला सुद्धा, तिथं विंडोज असली तर. निवेदन नाही, मोर्चा नाही, १ नोव्हेंबरचा काळा दिन नाही. ओरडू नका पण. कुणाच्या कानावर गेलं तर पुढच्या अपडेटमध्ये त्यात दुरुस्ती येईल आणि बेंगळूरूला जागा करायला नाव कापतील ते मुंबईचंच.

बाकी किरकोळ. विंडोज आणि व्ही दाबलं की कॉपी केलेल्याची जुनी यादी दिसते, आधी एकदा चालू करावी लागते. राइट क्लिकचा जुना मेनू पाहिजे तर शिफ्ट धरून राइट क्लिक करा. फाइल नेम एक्स्टेन्शन दिसतील असं करा, फोटो म्हणून आलेली डॉट ईएक्सई फाइल, म्हणजे वेष बदललेला प्रोग्रॅम, दिसते तरी. पॉइंटर मात्र मोठा गुलाबी करू नका, ते फार लोक करतात आणि मग मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करतात.

एवढं सगळं मनासारखं लावून झालं, की एक दिवस अपडेटनंतर निळा पडदा येईल, "चला, तुमचं मशीन सेट करून पुरं करूया" अशा अर्थाचा. तुम्ही तर पुरं केलेलं आहे, पण त्याला पटलेलं नाही. क्लाउड घ्या, मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं वर्गणी पॅक घ्या, ब्राउजर आमचाच ठेवा. "नको" असं सरळ बटण शोधू नका, तिथं फक्त "तीन दिवसांनी आठवण करा" आहे. तारीख पे तारीख, पण तीन-तीन दिवसांची, म्हणजे कोर्टापेक्षा बरंच जलद. बंद करायचं बटण आहे, सिस्टिम, नोटिफिकेशन्स, अगदी तळाला अॅडिशनल सेटिंग्ज, तिथं तीन टिकमार्क असतील ते काढा. मोठा अपडेट आला की तिथं परत एकदा डोकावून या, आणि बटण सापडलं नाही तर गणपत गल्लीतल्या रिपेअरवाल्या पोराला विचारा, तो मान वर न करता सांगेल, "फॉर्मॅट मारूया की अण्णा."