‘सिस्टरांना रेझिस्टन्सचा कोर्स कशाला?’ या मेसेजला उत्तर

नर्सिंगच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अँटिबायोटिक डॉक्टर लिहितात, सिस्टर फक्त सोडतात. मग डायलिसिसच्या सिस्टरांना मोबाइलवर रेझिस्टन्सचे धडे कशाला? कल्चरच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस जातात, तोवर पेशंट हातचा जाईल. आणि व्हिडिओ बघून कोण शिकलंय?’ खाली अंगठ्यांची रांग. (रेझिस्टन्स म्हणजे जंतूंनी अँटिबायोटिकला दाद न देणं; कल्चर म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी.)

आधी ‘फक्त सोडतात’चं बघू. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला अजिबात न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूची अमेरिकेतली पहिली नोंद जून 2002 ची, मिशिगन राज्यातली. जंतू सापडला तो डायलिसिसवरच्या 40 वर्षांच्या मधुमेही पेशंटच्या कॅथेटरच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी. त्यात नवल नाही. या पेशंटांची रक्ताची वाट आठवड्यातून दोन-तीनदा उघडावी लागते आणि व्हँकोमायसिनही त्यांनाच वरचेवर मिळतं. पुढे त्या पेशंटचं डायलिसिस दिवसाच्या शेवटच्या शिफ्टला, इतरांपासून लांब, वेगळ्या मशीनवर, ठरलेल्या एकाच टेक्निशियनकडून, गाऊन-मास्क-ग्लोव्ह्ज घालून झालं. तपासलेल्या इतर कुणातही तो जंतू आढळला नाही. सांगा, यातलं प्रिस्क्रिप्शनवर काय लिहिलेलं असतं?

रोजचंच घ्या. कॅप काढल्यावर कॅथेटरचा हब, म्हणजे मशीनची नळी जोडायचं टोक, अल्कोहोलने नीट 15 सेकंद घासायचा असतो. पुढचा पेशंट दारात ताटकळत असला की त्याचे तीन होतात. हे डॉक्टरांना दिसतही नाही. इन्फेक्शन झालंच नाही, तर अँटिबायोटिक लिहायची वेळच येत नाही.

कल्चरच्या मुद्द्यात तर सरळ गफलत आहे. रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवा, असं कुणीच शिकवत नाही. रिगर (थंडी वाजून हुडहुडी) आली की आधी कल्चरच्या बाटल्या भरायच्या आणि लगेच पहिला डोस द्यायचा. त्यात जातात काही मिनिटं. डोस आधी गेला तर बाटलीत बरेचदा काही उगवत नाही आणि मग अंदाजाने व्हँकोमायसिन चालू राहतं. रिपोर्टमध्ये मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दबणारा स्टॅफिलोकोकस निघाला, तर सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतं आणि ते डायलिसिस संपताना देताही येतं. बाटल्या भरायच्या कुणी? सिस्टरनेच.

व्हिडिओबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. क्लिप बघितली, चार प्रश्न टिक केले, सर्टिफिकेट आलं, एवढ्याने हाताची सवय बदलत नाही. अमेरिकेत सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या पुढाकाराने 17 डायलिसिस केंद्रांनी ठरावीक काळजीचे नियम पाळले, तेव्हा कॅथेटर किंवा फिस्टुलाशी (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीशी) निगडित रक्तातलं इन्फेक्शन 54 टक्क्यांनी घटलं. त्यात प्रशिक्षणाइतकंच प्रत्यक्ष काम बघणं आणि आकडे स्टाफला परत दाखवणं होतं. पण पाच-सहा मशीनच्या युनिटमधून दोन दिवसांच्या वर्कशॉपला सिस्टर सोडायची कुणी? फोनवर तिन्ही शिफ्टला तोच धडा मिळतो. हबवरचा हात बघायला इनचार्ज सिस्टरने शेजारी उभं राहायचं.

एक तक्रार मेसेजमध्ये नाही, ती असायला हवी होती. हे कोर्स ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या डेटावर करायला लावतात. ते ड्युटीच्या वेळेत आणि युनिटच्या वायफायवर व्हावेत, असा मेसेज फिरला तर मीही पुढे पाठवीन.