आकडे कोरडेच ठेवायचे का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: आकडे आणि तर्क खरे असतील तर त्यांना सजावट लागत नाही, आणि परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा पाकळ्यांचा आलेख (वर्तुळात महिन्यागणिक एक पाकळी, मृत्यूच्या प्रत्येक कारणाला वेगळा रंग) म्हणजे ‘रंगीत प्रचार’. तोच आलेख समोर ठेवून बोलू.

तुमची बाजू त्या काळी बाईंचेच सहकारी, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी मांडली होती. आकडेवारी जितकी कोरडी तितकी बरी, असं त्यांनी बाईंना कळवलं होतं. बाईंनी ऐकलं नाही, ते बरंच झालं.

जानेवारी १८५५ घ्या. क्रिमियाच्या युद्धातली ब्रिटिश फौज ३२,३९३. त्या महिन्यात टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१ मेले, जखमांनी ८३. रोगाचा महिन्याचा दर साडेआठ टक्के. बाईंनी त्याला बारानं गुणून वार्षिक दर दिला: हजारी १,०२३. म्हणजे हाच वेग राहिला तर वर्षात अख्ख्या फौजेइतकी माणसं जाणार. दोन्ही आकडे खरे. पण वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो दुसऱ्यानं. मग यातला ‘कोरडा’ कोणता? एकक निवडलं तिथेच मन वळवणं सुरू झालं. त्यामुळे आकड्यांत मन वळवणं मिसळावं की नाही, यावर वाद घालण्यात मला फारसा रस नाही. मिसळलेलं तपासता येतं का, एवढंच बघावं.

या आलेखात ते तपासता येतं. २,७६१ आणि ८३ यांचं गुणोत्तर ३३. त्रिज्याच ३३ पट घेतली तर पाकळीचं क्षेत्रफळ सुमारे ११०० पट होतं, आणि डोळा क्षेत्रफळच बघतो. त्रिज्या वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे ५.८ पट घेतली, की क्षेत्रफळ बरोबर ३३ पट भरतं. बाईंच्या सुरुवातीच्या आलेखात केंद्रापासूनचं अंतर आकड्याच्या प्रमाणात होतं. १८५८च्या प्रसिद्ध आलेखात क्षेत्रफळ आहे, आणि प्रत्येक रंग केंद्रापासून मोजायचा हे आलेखावरच छापलंय. परिणाम सौम्य करणारी अशी दुरुस्ती प्रचारक कशाला करेल? (दुप्पट उत्पन्न दाखवायला दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद, म्हणजे चौपट दिसणारं पोतं काढणारे आजही भेटतात.)

जिथे खरंच बोट ठेवायला हवं होतं, ती जागा तुम्ही सोडलीत. आलेखात दोन चक्रं आहेत: एप्रिल १८५४ ते मार्च १८५५, आणि त्यापुढचं वर्ष. मधली फट नेमकी मार्च १८५५ वर, म्हणजे इस्पितळं आणि छावण्या सुधारायला सरकारनं धाडलेला स्वच्छता आयोग पोचला त्या महिन्यावर. त्यामुळे आयोगानंच मृत्यू थांबवले असं बघताक्षणी वाटतं. पण हिवाळाही तेव्हाच सरला होता! म्हणून जानेवारीशी जानेवारीच ताडायला हवा: १८५६ मध्ये ४४,२१२ जणांत रोगाचे बळी ४२. ऋतूची शंका इथे फिटते. सप्टेंबर १८५५ मध्ये फौजेनं वेढलेलं सेव्हास्तोपोल हे रशियन बंदर पडलं आणि वेढ्यातले हाल संपले, ही शंका मात्र उरते. ती कितीही रंगानं झाकली जाणार नाही.

बाईंची दुसरी तोफ याहून मोठी. मायदेशातल्या पलटणींत मृत्युदर हजारी १७ ते २०, नागरिकांत ११. हे दरवर्षी ११०० माणसं इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या माळावर नेऊन गोळ्या घालण्याइतकंच गुन्हेगारी आहे, असं त्यांनी लिहिलं. उपमा खोडून वाचा. १७ ते २० विरुद्ध ११ उरतंच, तेही निवडून घेतलेल्या धडधाकट जवानांचं. मुद्दा उभा राहतो. पण उपमेच्या आडून हेतूही आत शिरलाय. गोळी झाडणाऱ्याला मारायचंच असतं. कोंदट बराकी बांधणाऱ्याला मारायचं होतं, हे मृत्युदरातून निघत नाही. त्यासाठी कुणाला काय कधी कळलं होतं आणि कळूनही काय केलं नाही, याचा कागदोपत्री पुरावा वेगळा द्यावा लागेल.

मसुदा तपासताना मी हेच करतो: उपमा-विशेषणं खोडायची, निष्कर्ष टिकतो का बघायचं, आणि परत घालताना उपमेनं न सांगता काय आणलं ते शोधायचं. ‘रंगीत प्रचार’ मधलं ‘रंगीत’ खोडून बघा. ‘प्रचार’ म्हणायला आलेखातला कोणता आकडा किंवा कोणती पाकळी चुकीची आहे, ते कळवा. त्यावर जरूर बोलू.