‘खिरापत’ म्हणणाऱ्या वाचकास

ईएसए या युरोपीय अवकाश संस्थेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “ज्या देशानं जितके पैसे भरले तितकं काम त्याच्याच कंपन्यांना, ही निव्वळ खिरापत. पुण्यात बसून युरोपचे गोडवे गाणं सोपं आहे, कधी कारखान्यात पाऊल टाकलंय का?” पहिलं वाक्य पुरेसं होतं हो. दुसऱ्याची खुमखुमी कशाला? पण काढलंतच म्हणून सांगतो: माझी उमेदीची वर्षं भोसरीत एका व्हेंडरच्या क्वालिटी विभागात गेली. फर्स्ट पीस पास व्हावा म्हणून ड्रॉइंग, गेज आणि तपासणीचा रिपोर्ट घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात ताटकळलोय. काम वाटून दिल्यावर काय होतं, हे मला शिकवू नका.

अशा वाटणीनं रॉकेट महाग पडतं, हे मान्य. तेवढ्यावरून खिरापत?

ईएसएच्या आधीची एल्डो ही युरोपीय देशांची रॉकेट संघटना आठवा. युरोपा रॉकेटचा पहिला टप्पा ब्रिटिश ब्लू स्ट्रीक, दुसरा फ्रेंच कोरली, तिसरा जर्मन अ‍ॅस्ट्रिस. एकही उपग्रह कक्षेत गेला नाही. वाटणीनं घात केला म्हणाल, तर तसं नाही. जो तो देश आपला टप्पा आपल्या मर्जीनं करून घेई. सगळ्याला मिळून जबाबदार असा खमका धनी नव्हता. पुढच्या एरियन रॉकेटमध्येही वाटणी होतीच. दुसरा टप्पा ब्रेमेनच्या एर्नोकडे, टोकाचं आवरण स्वित्झर्लंडच्या काँट्राव्हसकडे. मात्र खर्चाचा मोठा वाटा फ्रान्सनं उचलला आणि कारभार क्नेस या फ्रेंच संस्थेनं हाती ठेवला. २४ डिसेंबर १९७९ला पहिलंच उड्डाण यशस्वी! काँट्राव्हसची वारसदार कंपनी आज एरियन ६चंही आवरण बनवते. खिरापतीतून इतकं टिकाऊ कसब तयार होत नाही.

शिवाय कुणाला किती काम मिळालं या हिशेबात नुसते युरो मोजत नाहीत, कामाचं तांत्रिक वजनही धरतात. आणि विज्ञान कार्यक्रमाची वर्गणी सक्तीची असली, तरी रॉकेटसारख्या ऐच्छिक कार्यक्रमात पैसे घालायचे की नाही, हे ज्या त्या देशानं ठरवायचं असतं. आपल्या कारखान्यांना काही मिळणार नसेल, तर लहान देशाचा अर्थमंत्री खिशात हात तरी घालेल का? हे तुम्ही सोयीस्कर विसरलात.

बाकी स्पेसएक्स, ब्रेक्झिट आणि इस्रोची तुम्ही केलेली भेळ मी चाखत बसत नाही. पुन्हा लिहाल तर मुद्द्याचं लिहा, ठेवीन. ‘गोडवे’ वगैरे असेल तर सरळ उडवीन.